न ऐकताच दिलेला निकाल



यंदाच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक बाई आपल्या धाकट्या मुलाला घेऊन आत आल्या. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, बेळगावास शिकणारा. सुट्टीला गावी आला म्हणजे आमच्या गायकवृंदात की-बोर्ड वाजविणारा. बाईंच्या हातात त्याचा मोबाईल होता.

"फादर, ह्याला तुम्हीच चार शब्द सांगा. रात्रभर कानांत घालून हेच ऐकत बसतोय. आणि हे चित्र बघा, घरात ठेवण्यासारखं आहे काय हे?"

मी पाहिले. कोण्या गाण्याच्या तबकडीचे ते वेष्टन होते, आणि त्यावर जन्मास न आलेल्या, पुरती वाढ न झालेल्या अर्भकाचे छायाचित्र होते. मला शिसारी आली. दारात गायकवृंदातील चार-पाच मुलेमुली उभी होती. त्यांच्यादेखत मी त्या मुलास बरेच काही बोललो. जीवनाच्या पावित्र्याची ही विटंबना आहे, मिस्सेत वाजविणाऱ्या हातांना हे शोभत नाही, असे म्हणालो. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "फादर, तुम्ही ऐकलंय काय हे?"

"ऐकावयाचे काय आहे त्यात? दिसतेच आहे," मी म्हणालो.

त्याने आईच्या हातातून मोबाईल घेतला आणि तो निघून गेला. पुढले तीन रविवार आमच्या मंदिरातील की-बोर्डवरचे कापड कोणी उचलले नाही.

वाचकहो, पापनिवेदनाच्या कोठडीत बसून आम्ही धर्मगुरू इतरांचे ऐकत असतो. पण आमचे स्वतःचे दोष आम्हांस पुष्कळदा असेच, एखाद्या मुलाच्या साध्या प्रश्नातून, कळतात. तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. तिसऱ्या रविवारी रात्री मी त्या तबकडीचा शोध घेतला, आणि दार लावून ती आरंभापासून अखेरपर्यंत ऐकली. सेमिनरीत असताना एका वृद्ध इटालियन फादरांनी आम्हां काही जणांना त्यांची भाषा थोडीफार शिकविली होती. ती अशी उपयोगास येईल, असे त्यांना वा मला कधी वाटले नसेल.

ती तबकडी १९७२ सालची. तिचे नाव 'फेतुस'. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ, गर्भ. ती रचणारा आणि गाणारा फ्रांको बात्तियातो हा सिसिली बेटावरचा. त्याचा जन्म १९४५ सालचा. वडील वारल्यानंतर ऐन तारुण्यात तो पोट भरण्यास मिलानला आला, आणि आरंभी इतरांसारखीच प्रेमगीते गाऊ लागला. ती त्याने एकाएकी सोडून दिली, व मिलानच्या 'ब्ला ब्ला' नावाच्या लहानशा कंपनीतर्फे ही विलक्षण तबकडी काढली. वेष्टनाची कल्पना ज्यान्नी सास्सी ह्या जाहिरात-कलावंताची. ते पाहून इटलीतही लोक माझ्यासारखेच संतापले. कित्येक दुकानदारांनी ती तबकडी दर्शनी मांडण्याचे नाकारले. म्हणजे माझ्याआधी अर्धशतक, मिलानमधल्या दुकानदारांनीही न ऐकताच निकाल दिला होता.

अशा संगीतास पाश्चात्य देशांत 'स्पेस रॉक', म्हणजे अंतराळाचे रॉक संगीत, असे म्हणतात. त्या काळाची आठवण आपण ठेवली पाहिजे. १९६९ च्या जुलैत अपोलो ११ यानातून गेलेली माणसे चंद्रावर उतरली होती. पृथ्वी म्हणजे काळोखात लोंबणारा एक निळा गोळा आहे, हे माणसाने प्रथमच बाहेरून पाहिले होते. त्या दर्शनाने तरुण वादकांची मने भारून गेली आणि नेहमीच्या वाद्यांतून न निघणारे स्वर ते शोधू लागले. इटलीत हे वारे जोरात होते. १९७३ साली 'ले ओर्मे' ह्या संगीतमंडळीने दोन ग्रहांची, एका उजळ व एका अंधाऱ्या ग्रहाची, कथा सांगणारी 'फेलोना ए सोरोना' ही तबकडी काढली. बात्तियातोने मात्र बाहेरच्या अंतराळाऐवजी आतले अंतराळ निवडले. आईच्या उदरातला काळोख हाही एक आकाशाचाच प्रदेश आहे, आणि प्रत्येक माणसाने आपला पहिला प्रवास तेथूनच केला आहे, हे त्याच्या ध्यानी आले असावे.

'फेतुस' आरंभ होते ती कोणत्याही वाद्याने नव्हे, तर हृदयाच्या ठोक्यांनी. मग जन्मापूर्वीचे ते बालक स्वतःच बोलू लागते. पुढील गीतांची नावे जीवशास्त्राच्या पुस्तकातून घेतल्यासारखी आहेत: 'ऊना चेल्लुला', म्हणजे एक पेशी, 'कारिओचिनेसी', म्हणजे पेशीच्या केंद्रकाचे विभाजन, 'अनाफासे', म्हणजे त्या विभाजनात गुणसूत्रे दोन बाजूंस ओढली जातात ती अवस्था. एका गीतात तर गणिताचे सूत्रच गायिले आहे. दुसऱ्या एका गीतात एक पुरुष आपल्या बेफिकीर जीवनाकडे मागे वळून पाहतो, आणि आपल्यामुळे कधीच जन्मास न आलेल्या लेकरांची त्याला खंत वाटते. असंख्य शक्यतांमधून आपण एकटेच जन्मास आलो हे ज्याला उमगेल, तो किती आनंदाने जगेल, असा विचार त्याच्या मनात येतो. वाचकहो, हे ऐकताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ज्या तबकडीस मी जीवनाची विटंबना म्हणालो होतो, तिच्यात हे होते!

आणखी एके ठिकाणी चंद्रयात्रेच्या वेळच्या संभाषणाचे खरखरते ध्वनिमुद्रण ऐकू येते, आणि त्याच्या जोडीला योहान सेबास्टियन बाखची एक संथ सुरावट. बाख अठराव्या शतकातला. आपल्या कित्येक रचनांच्या शेवटी 'केवळ देवाचा महिमा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहून ठेवणारा. अवघ्या अर्ध्या तासाच्या त्या तबकडीत गर्भातील ठोका, चंद्रावरचा माणूस आणि देवाला वाहिलेले संगीत ही एकमेकांशेजारी आली आहेत.

ही तबकडी आल्डस हक्सली ह्या इंग्रज लेखकास अर्पण केलेली आहे. त्याची १९३२ सालची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी आम्हांला सेमिनरीत वाचावयास सांगितली होती. तिच्यातील भावी जगात मुले आईच्या पोटी जन्मत नाहीत. कारखान्यात, बाटल्यांमध्ये वाढविली जातात. कोणी हुकूम करावयाचा आणि कोणी हमाली करावयाची हे बाटलीतच ठरते. दुःख झाले की गोळी घ्यावयाची. आणि त्या जगात 'आई' हा शब्द अश्लील समजला जातो. तेव्हा बात्तियातोने गर्भाचे चित्र मांडले ते चेष्टेने नव्हे. माणूस ही कारखान्यात घडविण्याची वस्तू आहे, की कोणाकडून तरी मिळालेले दान आहे, हा प्रश्न त्याच्या पुढ्यात होता. ह्या प्रश्नावर धर्मगुरूंनी कितीतरी प्रवचने दिली आहेत. मीही दिली आहेत. हा तरुण तोच प्रश्न विजेच्या वाद्यावर विचारीत होता. पुढे सहाच वर्षांनी, १९७८ साली, इंग्लंडात शरीराबाहेर गर्भधारणा झालेले पहिले मूल जन्मास आले. कोणत्याही रीतीने जन्मलेले बालक देवाचेच लेकरू होय, ह्यात शंका नाही. पण हा प्रश्न किती जवळ येऊन ठेपला होता, हे त्यावरून दिसते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाऊस उघडल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. ओट्यावर तो एकटाच बसला होता. मी म्हणालो, "ऐकलं रे बाबा. दोनदा ऐकलं. त्या रविवारी मी चुकलो." तो गडबडून उठला. मी त्याला बसविले आणि म्हणालो, "ते आवाज कशाचे, तेवढे मला समजावून दे. मला पेटीपलीकडे काही कळत नाही."

वाचकहो, तरुणाला गप्प करावयाचे असेल तर उपदेश करावा, आणि बोलते करावयाचे असेल तर त्याला जे येते ते आपणांस शिकविण्याची विनंती करावी. तो खुलला. त्याने सांगितलेले मी आपणांस थोडक्यात सांगतो. आपल्या पेटीत भाता हवा ढकलतो, पितळी पट्ट्या थरथरतात आणि स्वर निघतो. सिंथेसायझर नावाच्या यंत्रात हवा नाही, पट्टीही नाही. विजेचा प्रवाहच ठरावीक वेगाने मागेपुढे आंदोलन पावतो आणि कर्ण्यातून त्याचा स्वर होतो. बात्तियातोने वापरलेल्या यंत्राचे नाव व्हीसीएस-३. लंडनच्या ईएमएस ह्या कंपनीने ते १९६९ साली बाजारात आणले. त्यापूर्वीची अशी यंत्रे मोठ्या कपाटाएवढी असत. हे मात्र लाकडी पेटीत मावणारे, टेबलावर ठेवण्याजोगे होते. त्याला स्वतःच्या स्वरपट्ट्या नाहीत. समोर बारीक भोकांचा एक चौकोनी फलक, त्यात लहान खुंट्या खोवावयाच्या. कोणती खुंटी कोठे, त्यावर आवाज ठरतो. इटलीत असे यंत्र ज्यांच्या हाती अगदी आरंभी आले, त्यांपैकी बात्तियातो एक. शिकविणारा कोणी नाही. खुंट्या खोवून, काढून, पुन्हा खोवून तो स्वर शोधीत राहिला.

"त्याला काय सापडणार हे त्याला पण ठाऊक नव्हतं, फादर," मुलगा म्हणाला.

मी विचारले, "पण तुझ्या हाती हीच तबकडी कशी लागली? आणि रात्ररात्र हीच का?"

तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग त्याने आत पाहिले, आवाज उतरविला, आणि सांगितले. गेल्या उन्हाळ्यात त्याची वहिनी गरोदर होती. भाऊ कामानिमित्त परगावी. म्हणून दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम ह्याच्याकडे. एकदा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या वेळी त्याला आत बोलावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकविले. "लई जोरात होते, फादर. घोडा पळतोय तसे." पाचव्या महिन्यात ते बाळ पोटातच गेले. घरी आल्यावर आईने टोपडी-दुपटी उचलून माळ्यावर टाकली आणि त्या दिवसापासून घरात त्या बाळाविषयी कोणी अक्षर काढले नाही. वहिनीचे दुःख वाढू नये, म्हणून. काही दिवसांनी जुन्या सिंथेसायझरची माहिती शोधताना ह्या मुलाच्या हाती ही तबकडी आली, आणि लावताच पहिला ऐकू आला तो ठोका.

"तेवढंच परत परत ऐकत होतो," तो म्हणाला.

वाचकहो, ह्यावर मी काय बोलणार? आईने ते चित्र पाहिले आणि तिची जखम उघडी पडली. म्हणून ती रागाने माझ्याकडे आली. मुलगा त्याच जखमेपाशी कान लावून बसला होता. आणि मी, ज्याच्याकडे दोघेही आपापले दुःख घेऊन आली होती, त्याने चित्रावर प्रवचन केले.

मी आत गेलो. आई, वहिनी आणि तो मुलगा ह्यांच्याजवळ बसलो, आणि जे त्या घरात तीन महिने आधीच सांगावयास हवे होते ते सांगितले. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपविते. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात हे स्पष्ट लिहिले आहे, आणि २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या मंडळाने ह्याच विषयावर एक लेख प्रसिद्ध करून अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भरभक्कम आधार आहे, असे सांगितले. मरियेचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बालकाने उडी मारली, असे संत लूक लिहितो. उदरातल्या बालकाला आनंद होतो, असे शुभवर्तमानच जर सांगते, तर त्या बालकासाठी रडावयास आणि प्रार्थना करावयास लाजावयाचे कशाला? वहिनी इतक्या महिन्यांत प्रथमच सासूच्या देखत रडली. सासूही रडली.

निघताना आई मुलास म्हणाली, "मला पण एकदा ऐकव." त्याने तिच्या कानास लावून दिले. पहिले ठोके संपेपर्यंत तिने ऐकले, मग काढून हातात दिले. "पुढचं नको मला. एवढं पुरे." तेही ठीकच. सर्वांनी सर्व ऐकलेच पाहिजे असे नाही.

आता त्या गायकाचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. कारण १९७२ साली ज्यांनी त्याच्या नावावर काट मारली, त्यांना ते ऐकून नवल वाटले असते. १९७५ साली त्याने सिसिलीतील मोन्रेआलेच्या कथीड्रलमधील ऑर्गन वाजवून आपल्या तबकडीसाठी ध्वनिमुद्रित केला. बाराव्या शतकातील ते महामंदिर प्रभूच्या भव्य कुट्टिमचित्रासाठी जगप्रसिद्ध आहे. १९८१ साली त्याच्या 'ला व्होचे देल पाद्रोने' ह्या सोप्या, गोड गीतांच्या तबकडीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. इटलीत असे पूर्वी कोणत्याही लाँग-प्ले तबकडीचे झाले नव्हते. १९८८ साली त्याने एक गीत रचले, त्याच्या नावाचा अर्थ 'आणि मी तुला शोधीत येतो'; हा 'तू' प्रियजन की परमेश्वर, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. १९८९ साली त्याने व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्यापुढे गायन केले. १९९२ च्या डिसेंबरात, इराकची नाकेबंदी चालू असताना, बगदादला जाऊन तेथल्या वादकांसह त्याने कार्यक्रम केला. आणि १९९४ साली त्याची 'मेस्सा आर्काइका' प्रसिद्ध झाली. ती म्हणजे लॅटिन मिस्साच होय. कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आग्नुस देई असे पाच भाग तीत क्रमाने आहेत. १८ मे २०२१ रोजी, एटना पर्वताच्या उतारावरील मिलो गावी, आपल्या घरी, त्याने देह ठेवला.

कोणी असा समज करून घेऊ नये की मी त्याला आपल्या पंक्तीस ओढू पाहतो. तो शेवटपर्यंत आपल्या वाटेने गेला. सूफी संतांचे त्याने वाचन केले, पुनर्जन्मावर त्याचा विश्वास होता, आणि आपला धर्म ते शिकवीत नाही. पण तो शोधीत होता, एवढे खरे. कानाला कर्कश वाटणाऱ्या आरंभापासून मिस्सेच्या स्वरांपर्यंत त्याला वीसहून अधिक वर्षे लागली. आपल्या घरातील एकवीस वर्षांचा मुलगा आज जेथे उभा आहे, तेथेच तो कायमचा उभा राहणार, असे आपण धरून चालतो आणि दार लावून घेतो. आतून लावलेल्या दाराशी परत कोण येणार?

ह्याचा अर्थ मुलांनी काहीही ऐकावे, पाहावे, आणि आईबापांनी डोळे मिटून बसावे असा नव्हे. मोबाईलमध्ये विषही पुष्कळ आहे, आणि ते ओळखून दूर ठेवणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. पण वैद्यसुद्धा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणाऱ्यास मूर्ख ठरविले आहे. त्या ओळीखाली मी आता माझ्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. मुलास विचारावे, "हे काय आहे? मला ऐकव बघू." ऐकल्यावर जे सांगावयाचे ते सांगावे. ऐकून घेतलेल्या माणसाने रागावलेलेही मुले सहन करतात.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्या घरातील बाळासाठी आम्ही मिस्सा अर्पण केली. बाळास नाव ठेवले नव्हते. तेव्हा परमेश्वरास ठाऊक असलेल्या नावाने आम्ही त्याची आठवण केली. माळ्यावरचे दुपटे वहिनीने खाली काढून आपल्या पेटीत घडी करून ठेवले आहे, असे कळले. त्या दिवशी की-बोर्डवरचे कापड कोणी उचलले, हे मी सांगावयास नको.

आगमनकाळ जवळ आला आहे. एका माउलीच्या उदरात वाढणाऱ्या बालकाची वाट पाहण्याचा हा काळ. आपापल्या घरात जे कोणी गप्प बसून काही ऐकत असतील, त्यांच्याजवळ ह्या दिवसांत थोडा वेळ बसा.

तुमचा,
धर्मगुरू